उणे दोनशे चार

हॅलो?… हो, बेरिटच. प्रयोगशाळेतच आहे. बोल सोल्विग… केक? कसला केक?… कुणी सांगितला?… व्हर्लिनने? स्वतः आला होता तुझ्या बेकरीत? शी!

अगं, तुझ्या केकला नाही शी म्हटलं. त्या माणसाला. माझा प्रोफेसर असला म्हणून काय झालं!

वर काय लिहिलंयस?… 'उणे दोनशे चार'? आणि खाली आमची दोघांची नावं? अरे देवा.

हो, हो… मोठा शोध म्हणे. अगं ऐक ना. हा युरोपियम धातूचा खडा गार करत न्यायचा. गरम असताना आतले इलेक्ट्रॉन जो तो आपल्याच नादात. गारठले की एकमेकांना धरून वागायला लागतात. ते कधी, हेच तर आम्ही शोधतो… हो, तसंच! चर्चच्या तळघरात हीटर बंद पडला की सगळे एकाच टेबलाशी, तसंच.

तर व्हर्लिनला उणे दोनशे चार अंशांना आलेखात उंचवटा दिसला. झालं! सोमवारी पेपर धाडतोय. माझ्या नावासकट.

आनंद? किळस आलीये मला… का म्हणजे? तो खडा उघड्यावर ठेवायचाच नसतो. बंद पेटीत ठेवतात, हातमोज्यांतून हात घालून काम करतात. आणि ह्याने पाहुण्यांना दाखवायला कागदी कपात घालून टेबलावर ठेवला! ऑगस्टात! बाहेर मक्याची शेतं घाम गाळतायत, भिंती ओल्या झाल्यात, आणि हा…

हं… हं… थोड्याशा गंजाने काय बिघडतंय म्हणतेस?

थांब. सोल्विग, थांब. गंज हा शब्द मी अजून काढलाच नाही. तुला कुणी सांगितलं?

… काय म्हणाला? नीट सांग… 'खड्याला जरा गंज धरलाय, बेरिट कुरकुर करेल, बहीण आहेस, समजाव तिला.' म्हणून फोन केलास होय!

नाही गं, तुझ्यावर नाही चिडले. रडू नकोस… अगं, मी त्याला काही बोललेच नव्हते! काल गुपचूप खड्याचा वरचा थर खरवडला, परत मोजलं. उंचवटा गायब. सगळा खेळ त्या गंजाचा. आमच्यात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, युरोपियमच्या गंजाचा म्हणून! मला वाटलं, म्हातारा विसरला बिचारा. आज जेवणानंतर हळूच सांगणार होते. त्याची लाज राखायला निघाले होते मी!

आणि त्याला ठाऊक होतं. शी, शी, शी!

… माहितीये, माझी नेमणूक त्याच्याच सहीवर आहे. म्हणून काय गंज खाऊ?

नको, केक रद्द नको करूस. न्यायला येईल तेव्हा दे त्याला. सुरी आहे हाताशी?… माझं नाव खालीच आहे ना? खरवड… हो, आत्ता. मी धरून आहे… पुसट नको, मुळापासून… निघालं?

बरं. ठेवते आता. पेपरवरचं राहिलंय.