काकासाहेबांचा खांब

आता मला सांगा, पाणी यायच्या दिवशी कुणी असली बातमी देतं का? बादल्या, पिंप, पातेली, झाकण्या, सगळं भरून ओल्या पायजम्यानिशी शाळेत पोचतोय, तर फाटकातच मुख्याध्यापक त्रिंबकराव, "सर, शनिवारी पालकसभेला काकासाहेब येताहेत, तुमच्या दहावीचा तो तक्ता हॉलमध्ये लावा, लई देखणा झालाय म्हणे!" काकासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. ते नाराज झाले की माणसाची बदली थेट लांबच्या कन्नड गावच्या शाखेत. आणि बायको, वच्छला, गेल्यापासून घरात मी एकटाच असलो, तरी ते घर सोडून दुसरीकडं राहायचं म्हटलं की हातपाय गार पडतात... मी भित्रा माणूस, तुम्हाला सांगतो!

तक्ता कसला, स्तंभालेख! सांख्यिकीचा धडा चाललेला. पुस्तकात उदाहरण काय, तर कुठल्याशा कारखान्यातल्या कामगारांची वयं. पोरं पेंगायला लागली. म्हटलं, आपल्याच घरचा आकडा घ्या की, तुमच्याकडं नळाला किती दिवसांनी पाणी येतं? झालं! वर्ग जो उठला... "सर, आमच्याकडं सहा!" "हट्, आमच्याकडं आठ, ते बी पहाटं!" जसं काही जास्त दिवसवाल्याला बक्षीसच मिळणार होतं! पडेगावच्या कस्तुरानं रंगीत कागदाचे खांब कापून चिकटवले. जितके दिवस जास्त, तितका खांब उंच. आणि त्या ताडमाड खांबांच्या मधोमध एक नखाएवढा. खाली ठळक अक्षरात, 'काकासाहेबांची गल्ली'. रोज पाणी!

मी हळूच म्हटलं, "कस्तुरा, हा एक नसला तर नाही का चालणार?" तर ती म्हणते, "सर, तुम्हीच सांगितलं ना, नको वाटला म्हणून आकडा गाळायचा नसतो." सांगितलं होतं हो! वर्गात सांगायला काय जातंय?

शनिवार उजाडला. काकासाहेब आले, चष्मा खिशात, ठळक अक्षरं तेवढी दिसताहेत, तक्त्यासमोर उभे. मागं सगळे पालक. त्यांचं बोट फिरत फिरत नेमकं त्या नखावर!

"हे... आमचं?"

"ह... हो, साहेब."

"एवढंसं?"

मी मनातल्या मनात कन्नडच्या एस.टी.त चढून बसलो.

"संस्था कुणाची, सर? आणि आमचाच खांब बुटका? वाढवा! सगळ्यांच्या वर गेला पाहिजे!"

अहो, तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो! की साहेब, इथं उंच म्हणजे चांगलं नव्हे... पण ते वळले, "काही म्हणायचंय?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "सूचना उत्तम आहे, साहेब." मी भित्रा माणूस, तुम्हाला सांगतो!

कस्तुरा माझ्याकडं बघत राहिली. मी पंख्याकडं. शेवटी तिनं कागद कापला, चिकटवला. पंधरा दिवस! काकासाहेबांची छाती फुगली. तेवढ्यात कस्तुराची आई, आशाबाई, पुढं आली, तक्ता वाचला आणि गालावर हात!

"अगं बाई! पंधरा दिवस? साहेब, आमच्याकडं निदान आठव्या दिवशी तरी येतंय. सांगा बरं का, दोन हंडे बाजूला ठेवते!"

"काय म्हणताहेत ह्या, सर?"

"त्यांना... तुमची काळजी वाटते, साहेब."

काकासाहेबांनी हात जोडले. "हेच तर आपल्या लोकांचं प्रेम!"

बदली टळली. सुटलो म्हणालो... सुटतोय कुठला? सोमवारी कस्तुरा उभी, "सर, आता सरासरी काढायची ना? काकासाहेबांचा आकडा एक धरू का पंधरा?" सगळा वर्ग पेनं थांबवून माझ्याकडं बघतोय. दारातून त्रिंबकराव बघताहेत. मी म्हटलं, उद्या सांगतो.

मग पुढचा धडा निघाला. मग सराव परीक्षा आली. कस्तुरा पहिल्याच बाकावर बसते. आता विचारत नाही.

तिला आकडा सांगायचा राहिलाय.