कळलावीचा बांध

तळपायाला चोळायची मुळी ताईच्या पोटात कशी गेली? — सांगा की साहेब. आख्ख्या गावाला विचारून दमलो मी. तुमी शिकलेले, जगभरची फुलं धुंडाळत फिरता, तुमी तरी सांगा. — न्हाई ना? मग तो मोबाईल ठेवा खिशात. बघितले त्यातले फोटू मी. माकडाच्या तोंडाचं फूल, वटवाघळासारखं काळं मिशावालं फूल, माणसापेक्षा उंच आन् मेलेल्या जनावरासारखं घाण मारणारं फूल — लई भारी. आमच्या शुभांगीताईनं तर तुमाला दिवसभर सोडलं नसतं. असल्या फुलांचं याड होतं तिला. पोटुशी होती तरी ह्या बांधावर येऊन उभी राहायची — अज्या, आपली कळलावी बघ, पाकळ्या कशा उलट्या वर वळल्यात, चूल पेटल्यागत, हिच्यापुढं परदेशातलं काय घेऊन बसलास! — आन् तुमी त्या कळलावीचाच फोटू काढायला वेल्ह्यापास्नं चालत आलाय.

कॅमेरा खाली घ्या म्हणलं ना! काय न्हाई आता हितं. मी उपटली. कुदळीनं, मुळासकट. वरच्या माळावरची बी उपटणार हाय. जावा, सांगा ज्याला सांगायचं त्याला.

कळलावी का म्हणत्यात, ठावं हाय? बाळंतिणीला कळा याव्या म्हणून तिची मुळी उगाळून तळव्याला लावत्यात. पोर झालं की लगीच धुऊन टाकायची, पोटात गेली तर इख हाय. जुनी रीत हाय आमच्याकडं. पहिलं बाळंतपण माहेरात, म्हणून ताई हितं आलेली. कळा आल्या आन् थांबल्या. गावातली एकुलती जीप नसरापूरला गेलेली. भामाबाई सुईण म्हणली, मुळी उगाळा. ती शपथेवर सांगती, म्या पायाला म्हणले व्हते. दाजींच्या घरचे म्हणत्यात, सुईणीनंच मारली. नाना — आमचा बाप — म्हणतो, तिचं आयुष्यच तेवढं. — तेवढं! ओकून ओकून रिकामी झाली ती, पोर जन्मलं ते रडलंच न्हाई, आन् म्हणं तेवढं! जीप आल्यावर दवाखान्यात नेली, तिथं डॉक्टरनं विचारलं, हिच्या पोटात काय दिलंय?  एक जण तोंड उघडंल तर शपथ.

भामाबाईच्या दारावर दगड मारला मी. व्हय, मारला. म्हातारी बाहेर आली, म्हणली, मार बाबा, मार आजून, पण म्या पाणी तापवत व्हते, दुधाचा पेला माझ्या हातात नव्हता. — पेला! दुधातनं दिली तिला. पायाला लावून एवढा गुण येतो, मग पोटात दिली तर लवकर सुटंल लेक — तिचं कण्हणं ऐकवंना, म्हणून — साखर घातली वर, कडू लागू नये म्हणून —

कुणी? कुणीच न्हाई. मी काय आईचं नाव घेतलं का? न्हाई घेतलं. तुमीबी घेऊ नका. आन् तिकडं घराच्या पडवीत बघू नका, ती काय तुमच्या फोटूतलं फूल हाय? बसून असती. जेवत न्हाई, बोलत न्हाई. रागानं मी तिच्याम्होरं जाऊन उभा राहतो, तर ती माझ्याच डोक्यावरनं हात फिरवती. आता काय विचारू तिला? बोला की, काय विचारू?

निघा तुमी. तोंड पाडून उभं राहू नका माझ्यापुढं, लई बघितली असली तोंडं. भाऊ म्हणून माझ्या हातात काय होतं? साडी होती. लेक गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागती, ती भावानं आणायची. टेम्पोत बसून भोरला गेलो. दुकानदार ओळखीचा, त्याला काय कल्पना, फुलाफुलांच्या साड्या उलगडत बसला — शुभांगीला असलीच आवडती ना रं? म्हणलं, एकबी फूल नको. साधी हिरवी घेतली, आन् माझ्या हातानं तिच्या अंगावर घातली.