बिनकाचेची मोटार

बेळगावला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार अजून आली नव्हती. निपाणीच्या नाक्यावर मालुबाई बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पाठीमागच्या बाकावर तंबाखूचे व्यापारी अप्पासाहेब आणि त्यांनी नवा ठेवलेला ड्रायव्हर भरमा बसले होते. अप्पासाहेब जन्मातली पहिली मोटार घ्यायला निघाले होते.

"भरमा, उघड्या टपाची घ्यावी का बंद?"

"बंदच घ्या, मालक. मऊ गाद्या, मधी काच. तुमी मागं, मी पुढं."

"काच कशाला रं?"

"मालकाचं बोलणं डायव्हरला ऐकू जाऊ नये म्हून."

"मग मी बोलायचं कुणासंगं?"

"मुंबईचं धाकलं मालक येतील की."

"त्येनं कळवलंय. दिवाळीला जमत न्हाय."

"मग बिनकाचेची बघू. जरा हलकी असती."

"असू दे. मी पुढंच बसंन, तुझ्या शेजारी."

"लोक हसतील, मालक."

"हसू देत की. हसाय तरी दारात येतील."



"गाडी दारात आली की ओवाळायला सवाशीण लागंल."

"तुझी बायको हाय न्हवं?"

"बाळंतपणाला गेलीया, संकेश्वरला."

"व्हय. आन आमच्या घरात तर कोण न्हाय."

अप्पासाहेब पुढं वाकले तसा बाक करकरला.

"आक्का, तुमी गावातल्याच दिसताय. परवा गाडी येईल. तेवढी ओवाळून जाशीला का?"

मालुबाईनं मागं वळून पाहिलं नाही. बांगड्या नसलेले हात तिनं पदराखाली घेतले.

"मोटार आली वाटतं," ती म्हणाली आणि उठून उभी राहिली.

रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता.