बुटक्या एक्झोराचा वाफा

माजा जन्म कोपरखैरण्याच्या गावातलाच. आता ही सोसायटी हाय ना, तिथं खाडीच्या कडंला आमची भाताची शेतं होती, आय मला बांधावर बसवून लावनी करायची. जमीन सरकारनं घेतली, नवरा वाशीच्या मार्केटात ओझी वाहून वाहून गेला, नि मी या सोसायटीत झाडलोट करता करता माळीन झाले. अकरा वर्सं झाली.

गेटापासून हॉलपर्यंत बुटका एक्झोरा हाय तो मीच सांगून आनवला. गुडघ्याएवढा वाढतो, लाल गुच्छ येतात, एकदा लावला की वर्सानुवर्सं बघायला नको. त्याच्याआधी दर हिवाळ्यात झेंडू लावा नि उपटून फेका, जीव विटला होता माजा.

पन आमचे सेक्रेटरी, काय सांगू तुमाला. मानूस वाईट नाय, कदी अरेतुरे केलं नाय मला. पन त्यांना झाडं भिंतीसारखी सपाट पायजेत. दर पंधरा दिवसांनी मशीनवाला बोलावतात नि वरून घासून काढतात. अवो, एक्झोराची कळी शेंड्यावर येते, शेंडाच उडवला तर फूल कुठून येनार? दहादा सांगितलं. ते बोलायचे, मावशी, शेप महत्त्वाचा. मग सोसायटीच्या मीटिंगमदे स्वतःच बोलले, मावशींच्या हातनं फुलं येत नायत, उपटून प्लास्टिकचं गवत टाकूया. आता प्लास्टिकच्या गवताला माळीन कशाला लागते? म्हंजे मीपन उपटलीच की.

त्यात ते, उपटायचं आल्यावर बघू बोलून, अडीच महिने लेकाकडं परदेशात गेले. मशीनवाला आला तवा मी सरळ खोटं बोलले, साहेबांनी सांगितलंय, ते येईपर्यंत कापू नको. तो गेला. मी शेनखत घातलं, पानी दिलं नि वाट बघत बसले. दीड महिन्यानं सगळा वाफा लालेलाल. शाळेतनं येनारी पोरं फुलाची दांडी ओढून मध चोखायची, बायका फोटो काढायच्या.

साहेब आले, गेटातच थांबले. बघितलंत मावशी, बोलले, छाटनीचा फायदा.

तवा माजं डोकंच फिरलं. बोलले, साहेब, छाटनी झालीच नाय, मशीनवाल्याला मीच परत पाठवला, तुमचं नाव सांगून. काढायचं तर काढा मला.

ते वाफ्यापाशी वाकले, एक गुच्छ हातात धरून बघितला. मग हळूच बोलले, मग कापायचं कधी, मावशी?

अकरा वर्सांत पयल्यांदा इचारलं हो. मी बोलले, बहार संपल्यावर, वर्सातनं एकदा, नि कात्रीनं, माज्या हातानं. बरं बोलले.

वाफा वाचला, मीपन हाय. पन आता त्यांना पान्याच्या टाकीवर टब ठेवून कमळं पायजेत, तीपन सगळी एका उंचीची. जाऊ दे. देव त्यांना आयुष्य देवो, नि मला त्यांच्याहून जरा जास्त.