एकसारखा आवाज

खुर्चीचा हात एवढा आवळून धरलात म्हणून विमान तुमच्या जोरावर थोडंच चालणार आहे, बाई? सोडा. आणि पंखाकडे बघा खुशाल. हलतोय ना? हललाच पाहिजे. मी जन्मभर ट्रकखालचे स्प्रिंगचे पाटे ठोकले — पाटा लवला नाही तर मोडतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी विमानाला भ्यायचो. हो, मी. लेक बोलवायची, मी म्हणायचो दुकान कोण बघणार. ती काय ओळखत नव्हती?

लेक विमानं दुरुस्त करते. करायची — नाही, करते. तिनेच फोनवर समजावलं. म्हणाली, बाबा, चालत्या ट्रकच्या खिडकीतून हात बाहेर काढा, जरा तिरपा धरा — वारा उचलतो की नाही? पंखाचं तेच. मी चौथी नापास, पण डोक्यात शिरलं. मग काम संपलं की इंजिन चालू करून फोन तिकडे धरायची — ओळखा बाबा, बरं आहे का बिघडलंय? आवाज एकसारखा असला की बरं, अडखळला की खोला. मी कधी चुकलो नाही.

आत्ता आवाज उतरला ना? बंद नाही पडलं. खाली न्यायचंय, म्हणून जोर कमी केलाय. आता बुडाखाली धप्प वाजेल, ती चाकं — वाजलं? सांगितलं होतं.

मला? जावई येणार आहे न्यायला. फोन त्यानेच केला होता. जिन्यावरून पडली म्हणाला, डोक्याला मार आहे, डोळे उघडत नाही. मी म्हटलं, फोन तिच्या तोंडाजवळ धर. धरला त्याने. श्वास ऐकला मी — आत, बाहेर, आत, बाहेर, कुठे म्हणून अडखळ नाही. घरात सांगून टाकलं, रडू नका, बरी आहे, आवाज एकसारखा आहे. बायको त्या दिवशी चार घास जेवली. माझ्या शब्दावर जेवली. मग जावई म्हणाला, बाबा, तो श्वास तिचा नव्हता. यंत्राचा होता. तिचं आतलं सगळं संपलंय. डॉक्टर विचारतात, यंत्र कधी थांबवायचं. त्याने सांगितलंय, बाबा येऊन बघेपर्यंत नको.

म्हणून निघालो. भीती कसली? सबंध वाट कानाशी बोलतेय ती — बाबा, आता पुढे ढकलल्यासारखं होईल, ब्रेक आहेत, घाबरू नका. आत्ताच म्हणाली. तुम्हाला नाही ऐकू येणार.

टेकलं बघा. काही झालं का? नाही ना. थांबलंसुद्धा. उठा आता, तुमची माणसं वाट बघत असतील. माझी बॅग राहू द्या वरच. हात कशाला देताय, मला उठता येतं. मी बसलोय जरा — मी पोचेपर्यंत तिकडे कुणी काही बंद करणार नाही. व्हा तुम्ही पुढे.