सीटवरचा दगड

गगनबावड्याच्या एसटीत अनुजाला उभं राहायलाही जागा नाही, आणि सीटवर कोण बसलंय? पोतं! शेजारी म्हातारबाबा उभे. ती काही बोलायच्या आत कंडक्टरबाई कडाडल्याच.

"काय हाय ह्यात, मामा?"

"दगड. पडक्या चर्चचा. आमच्या बानं आणून पायरीला बसवलेला. काल पायरी उकरली, तर खालच्या अंगाला क्रूस कोरलेला."

"मग दिऊन टाकायचा की परत!"

"तिथनंच आलोय. चर्चची डागडुजी चाललीया, त्या कामावरच्या मॅडम म्हणत्यात, नवं कायबी बांधायचं न्हाय, उरलंय तेवढंच जपायचं. कुठनं काढला ती जागा दावा, तिथंच लावतो."

"मग दावायची!"

"बा गेला की. कुणाला इचारू?"

"बरं, त्याला ठेवा खाली. तुम्ही बसा."

"चाळीस वर्षं पाय दिलाय त्याच्यावर, बाई. आज त्यो बसू दे."