डावा कान राहिला

नाव कागदाच्या माथ्यावर वेगळे लिहून घेतले आहे. ओळखीचे लोक मास्तर म्हणतात. वय एकोणऐंशी. धंदा: निवृत्त प्राथमिक शिक्षक, सध्या कलाकेंद्राच्या उन्हाळी चित्रशिबिरात मुलांपुढे बसणे. राहणार कलाकेंद्राच्या मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीजवळ, वरचा मजला. घरात एकटा.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी पहिलीत असताना आमच्या वर्गात चाळीस पाट्यांवर चाळीस पेन्सिली एकदम चालायच्या. वाळलेल्या पानांवरून शेळ्यांचा कळप सावकाश निघालाय, असा तो आवाज असे. त्यानंतर मी स्वतः मास्तर झालो, पाट्या जाऊन वह्या आल्या, आणि तो आवाज गेला तो गेलाच. याचा आजच्या घटनेशी काय संबंध, असे हवालदारांनी विचारले. संबंध असा की, आज दुपारी मी तसलाच आवाज ऐकत बसलो होतो आणि त्यातली एक पेन्सिल थांबली. डोळ्यांच्या आधी ते माझ्या कानांना कळले.

कलाकेंद्राची इमारत म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही आत गारवा असतो. शिबिर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने एक रंग निवडायचा आणि शिबिर संपेपर्यंत तेच त्याचे नाव, अशी त्यांची पद्धत आहे. कुणी पोपटी झाला, कुणी जांभळी. सदर हरवलेली मुलगी, वय नऊ, हिने राखाडी घेतला. ताई म्हणाल्या, "अगं, चांगला घे की एखादा." ती म्हणाली, "पेन्सिलीचा हाच असतो." तेव्हापासून ती राखाडी.

माझे काम न हलता बसण्याचे. मुले माझा चेहरा काढतात. आमची मंडळी हयात असताना, "यांच्या पायाला भिंगरी आहे, देवासमोर बसवलं तरी उठून जातील," असे म्हणत असे. आता बसता येते. ते तिने पाहिले नाही.

आज मुले माझ्याभोवती अर्धवर्तुळात बसली होती. माझी नजर दाराशेजारच्या खिडकीवर ठेवायची, असे ठरलेले होते. राखाडी माझ्या डाव्या हाताला बसली होती. बाकी चेहरा तिचा काढून झाला होता. डावा कान काही केल्या जमत नव्हता. खोडून खोडून कागदाला तिथे भोक पडायची वेळ आली होती. मला म्हणाली, "कान फार अवघड असतो आजोबा, त्यात गल्ल्या असतात." मी उत्तर दिले नाही, कारण त्या वेळी पोपटी माझे ओठ काढत होता आणि ओठ हलवायची मला परवानगी नव्हती.

तेवढ्यात एका मुलाने निळ्या रंगाचा डबा स्वतःच्या अंगावर पालथा केला. ताई त्याला धुवायला मागच्या नळावर घेऊन गेल्या. त्या वेळी नमूद इसम दारात आला.

इसमाचे वर्णन: उंच, किडकिडीत, खांद्याला प्रवासाची पिशवी. शर्टाचे एक बटण बाकीच्यांपेक्षा वेगळे, पांढऱ्यांत एकच तपकिरी, आणि ते काळ्या दोऱ्याने शिवलेले. हे सांगत असताना मुलीची आई समोरच्या बाकावर बसलेली होती. तिने मान खाली घातली. इसम मुलीचे वडील असल्याचे तिनेच हवालदारांना सांगितले. दोघे वेगळे राहतात. वडिलांचा भेटीचा दिवस रविवार ठरलेला आहे, आज रविवार नाही, आणि ते परगावी नोकरी धरणार असल्याचे तिच्या कानावर आले आहे. मुलीलाही घेऊन जातील, अशी तिला धास्ती आहे.

जमिनीवर ओली चित्रे वाळत पसरली होती, म्हणून इसम आत आला नाही. उंबऱ्यावर उभे राहून त्याने स्वतःच्या कानाची पाळी धरली. ही बापलेकीची जुनी खूण असावी, कारण मुलगी हसली. ती चित्रांमधून पाय वाचवत त्याच्याकडे गेली. दोघांचे काहीतरी हळू आवाजात बोलणे झाले. ते मला ऐकू आले नाही. मग ती परत आली, चित्राची फळी काखेत घेतली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, हलू नका हं. डावा कान राहिलाय. मी आलेच."

मी "बरं" या अर्थी एकदा पापणी मिटली.

येथे मुलीच्या आईने मध्येच विचारले, "ओढूनच नेलं ना त्याने तिला? मास्तर, सांगा ना."

मी म्हणालो, "नाही गं पोरी. पुढे ती होती. तो मागून चालत होता."

तिच्यासाठी आणलेले पाणी तसेच राहिले.

हवालदारांनी विचारले, "तुम्ही अडवलं का नाही? हाक तरी मारायची. मास्तर, तुम्ही साक्षीदार आहात की पुतळा?"

मी सांगितले की, वर्ग चालू असेपर्यंत पुतळा आणि त्यानंतर साक्षीदार. हे मी चेष्टेने बोललो नाही. मुलांना मी जन्मभर "जागेवरून हलायचं नाही" असे सांगत आलो. या शिबिरात पहिल्यांदा एका मुलीने ते मला सांगितले. मोडवले नाही. मी हललो असतो, तर ही बाई आता इथे बसली नसती. हे मला कळते. लिहून घ्यावे.

ताई नळावरून परत आल्या तेव्हा त्यांना वाटले, राखाडी हात धुवायला गेली असेल. त्यांचा यात दोष नाही. निळ्या झालेल्या मुलाला तसेच सोडायचे होते काय? शिबिर बंद करा, असे मुलीच्या आईने रागाच्या भरात म्हटले आहे. ताई ठाण्याबाहेर पायरीवर बसल्या आहेत आणि त्यांचे हात अजून निळे आहेत.

मुलगी नक्की किती वाजता गेली, असे मला विचारण्यात आले. भिंतीवरचे घड्याळ माझ्या पाठीमागे होते. पण मी बसलो की मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणतो, नेहमी त्याच क्रमाने: आधी नदीची, मग पाखराची, मग दिव्याची. ताईंनी ठीक चार वाजता "बसा" म्हटले, तेव्हा मी नदीची सुरू केली. मुलगी गेली तेव्हा दिव्याच्या कवितेचे तिसरे कडवे चालू होते.

हवालदारांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "साहेबांना काय सांगू? दिवा लागला तेव्हा पोरगी गेली?" मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणा बघू. चालीवर म्हणा, मी घड्याळ बघतो."

(येथे साक्षीदाराने कविता म्हटल्या.)

नदीच्या कवितेला कोपऱ्यातल्या टेबलावरच्या महिला पोलीस धृपदात सामील झाल्या. पाखराच्या कवितेला साहेब केबिनबाहेर आले. सगळे गप्प बसतील असे वाटले, तर साहेबांनीच एक राहिलेली ओळ पुरवली आणि "पुढे चला" म्हणाले. दिव्याच्या कवितेचे दुसरे कडवे मी दोनदा म्हटले, तेव्हा हवालदारांनी हटकले.

"अहो, हे झालं की आत्ता."

"ते मी दोनदाच म्हणतो."

"का?"

"सवय आहे."

ते कडवे आमच्या घरात रोज संध्याकाळी दोघांनी मिळून म्हटले जात असे. एकदा आमच्या मंडळीने, एकदा मी. हे हवालदारांनी विचारले नाही, तरी त्यांनी दोन्ही वेळचा वेळ धरला.

त्यावरून असे निघाले की, मुलगी सव्वाचारच्या सुमारास गेली आणि इसम नोकरी धरणार त्या गावाकडे जाणारी पावणेपाचची गाडी दोघांना सहज मिळाली असणार. साहेबांनी पुढच्या थांब्यावर फोन केला. मुलीची आई पिशवी बाकावर शेजारी ठेवून, तिचा बंद मुठीत धरून बसली होती. मला एक गोष्ट आठवली ती मी तिला सांगितली: मुलगी जाताना खोडरबर तिथेच ठेवून गेली आहे. ती म्हणाली, "मग?" मी म्हणालो, "ज्याला परत यायचं नसतं, तो पोरगा खोडरबर सोडून जात नाही. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी." ती म्हणाली, "तिचं मला माहीत आहे हो. त्याचं काय?"

फोन आला. गाडी थांबवून पाहिली होती. त्यात असे दोघे नाहीत. इतर रस्त्यांवर निरोप देण्याचे काम सुरू झाले. मुलीच्या आईने पिशवीचा बंद सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

मला याहून अधिक माहिती नाही. वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या तोंडचाच आहे. फक्त कविता गाळल्या आहेत, त्याला माझी हरकत नाही. सही करण्यासाठी मी पेन हातात घेतले, तेव्हा दारात राखाडी उभी होती. काखेत फळी, मागे तिचे वडील. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, "केंद्राला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, सगळे पोलीस ठाण्यात आहेत. बागेत होतो आम्ही. मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं." हे ते साहेबांकडे न बघता बाकाकडे बघून बोलले.

मुलगी आधी आईला जाऊन बिलगली. आईने तिचे डोके, हात, बोटे, सगळे चाचपून पाहिले. मग मुलीने फळीवरचा कागद उलटून तिला दाखवला. मागच्या बाजूला कानच कान होते. मोठे, लहान, वाकडे, आणि खाली खाली येताना हुबेहूब. "सगळे बाबांचे आहेत," मुलगी म्हणाली. "उद्या जाणार ना ते, म्हणून आज सराव करून घेतला. आता जमतो मला." आई तो कागद बराच वेळ बघत राहिली. नंतर तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

मग मुलीचे लक्ष माझ्याकडे गेले. म्हणाली, "आजोबा, हलू नका म्हटलं होतं ना?"

ठाण्याच्या दाराशेजारीही एक खिडकी होती, तिला मी नजर लावली. महिला पोलिसांनी तिला खुर्ची दिली, हवालदारांनी आपली पेन्सिल दिली. हा शेवटचा मजकूर मी ओठांखेरीज काही न हलवता सांगितला आहे आणि तो खरा आहे. सही कान झाल्यावर करतो.